फळ्यावरचा विठोबा कुणी काढायचा?

पत्र : "मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका. खुर्चीत बसून दीडच महिना झाला. त्याआधी १७ वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवत होते. पाचवी ते दहावी मिळून आमच्या १४ तुकड्या आणि कलाशिक्षक एकच. सर एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेले, हात फार चांगला. दारातला फळा ही आमच्या शाळेची शान आहे, त्याचे फोटो लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. यंदा आषाढीला मी त्यांना विठोबा काढायला सांगितलं होतं. सकाळी येऊन बघते तर विठोबा नाही. पांढऱ्या खडूने, सुंदर वळणदार अक्षरात एवढंच लिहिलेलं : 'आज आठवी ब चा चित्रकलेचा तास होणार आहे.' स्टाफ हसला, संस्थेचे अध्यक्ष चिडले आणि आता मला नोटीस काढायला सांगताहेत. सर काही बोलत नाहीत. दोन-तीन वर्षं झाली, ते तसेही गप्पच असतात. त्यांना पुन्हा उभारी कशी द्यावी? सत्कार करावा, की चांगले रंग-ब्रश घेऊन द्यावेत? मला चित्रातलं काही कळत नाही, त्यामुळे त्यांच्या तासाला जाऊन बसायचाही संकोच वाटतो. आणि नोटिशीचं काय करू?"

बाई,

नोटीस काढू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे अध्यक्षांचा पुढचा फोन यायच्या आत तुमच्या हातात काहीतरी असेल. बाकीचं सावकाश वाचा.

सरांचं वाक्य पुन्हा एकदा बघा. त्यात 'होणार आहे' आहे. जे रोज होतं ते कुणी फळ्यावर लिहीत नाही. 'आज गणिताचा तास होणार आहे' असं तुम्ही कुठल्या शाळेच्या दारात वाचलंय? तेव्हा आधी एक काम करा. गेल्या वर्षीची बदली तासांची वही कपाटातून काढा आणि आठवी ब चे चित्रकलेचे तास वेळापत्रकात किती होते नि झाले किती, ते पेन्सिलीने मोजा. स्वतः मोजा, क्लार्कला सांगू नका. कुठे इंग्रजीचा पोर्शन राहिला म्हणून गेला असेल, कुठे स्कॉलरशिपचा सराव, कुठे गॅदरिंगची तालीम. आणि जे तास कागदावर 'झाले' दिसतील, त्यातल्या काहींना सर वर्गात नसतीलच. ते खाली स्टेजचा पडदा रंगवत असतील.

हे मी एवढं छातीठोक लिहिते, कारण त्या चोरांपैकी मीही एक. मी गणिताची. जानेवारी लागला की स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायचे. "सर, आजचा नववीचा तास देता का? प्रमेय राहिलंय." ते द्यायचे. किती वर्षं दिले कोण जाणे, मी मात्र एकही तास परत केला नाही. ते रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी म्हणाले, "सरांनी आपली शाळा सजवली." टाळ्या पडल्या. 'शिकवलं' हा शब्द त्या भाषणात कुठेच नव्हता आणि तेव्हा तो कुणाला आठवलाही नाही, मलासुद्धा.

तुमच्या सरांची तक्रार मला एवढीच दिसते. ते शिक्षक म्हणून नेमले गेले आणि वापरले जातात सजावटवाले म्हणून. फळ्याचंच घ्या. २६ जूनला शाहू महाराज, मग आषाढी, मग गुरुपौर्णिमा, १ ऑगस्टला टिळक आणि अण्णा भाऊ साठे एकाच फळ्यावर. १२ जानेवारीला तर आपल्या सोलापुरात गंमतच असते. जिजाऊ, विवेकानंद आणि १९३१ साली त्याच तारखेला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. त्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, म्हणजे कोपऱ्यात नंदीध्वज हवाच. रंगीत खडूचं असं एक काम दोन-तीन तास खातं, आणि ते तास कुणाचे असतात ते त्या वहीत दिसेलच. दुसऱ्या दिवशी शिपाई ओलं फडकं फिरवतो. वर प्रमाणपत्रांवर नावं लिहायची, प्रमुख पाहुण्यांसाठी स्वागताचा बोर्ड करायचा, संस्थेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरच्या कार्याची रांगोळीसुद्धा. (ही शेवटची मी डोळ्यांनी पाहिलीय. कुठल्या शाळेत ते सांगत नाही.) गणिताच्या बाईंना कुणी घरचा हिशोब करून द्यायला सांगत नाही.

म्हणून सत्कार नको. शाल-श्रीफळ घेऊन ते पुन्हा तिथेच जातील, प्रमाणपत्रांवर नावं लिहायला. रंग-ब्रश द्या, पण नंतर. आधी त्यांना तास द्या, आणि अख्खा द्या.

अख्खा म्हणजे काय ते विज्ञानाच्या माणसाला आकड्यांत सांगते. तास समजा ३५ मिनिटांचा. पन्नास पोरं. आधीच्या तासाची वह्या-पुस्तकं आत जाऊन चित्रकलेच्या वह्या बाहेर यायला पाच मिनिटं. चार मुलांनी खाली टाकीपाशी जाऊन डबे भरून दुसऱ्या मजल्यावर आणायला सात-आठ, त्यात एकाच्या हातून जिन्यात सांडणार. रंग वाटणं, "सर, माझा ब्रशच नाही" हे निस्तरणं, अजून पाच. शेवटी धुणं-पुसणं आणि ओली चित्रं कुठे ठेवायची याचा गोंधळ, आठ-दहा. उरली किती? सात ते दहा मिनिटं. तुमच्या प्रयोगशाळेत दहा मिनिटांत अनुमापन होईल का? मग सर काय करतात? रंगाला हातच लावत नाहीत. फळ्यावर झोपडी-डोंगर काढून देतात, मुलं बघून काढतात, तास संपतो. आपण बाहेरून जाताना म्हणतो, हे काय शिकवणं!

आठवड्याचे दोन तास असतील तर ते जोडून द्या. एवढ्या एका बदलाने जे होतं ते दहा हजारांच्या रंगांनी होत नाही. १४ तुकड्यांचे २८ सुटे तास म्हणजे २८ वेळा डबे भरा, २८ वेळा पुसा. जोडले तर १४ वेळा. खर्च शून्य. वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकांचं डोकं दुखेल, ते दुखू द्या. आणि हा जोड तास शेवटचा ठेवू नका, कारण कार्यक्रम असला की शाळा लवकर सुटते आणि पहिला बळी त्याचाच जातो. पहिली ते आठवीसाठी सरकारने कृती-खेळांचा आनंददायी शनिवार आणलाय, तुमच्या पाचवी ते आठवीच्या तुकड्यांना तोही उपयोगी पडेल.

मग एक नियम करा आणि स्टाफ मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवा : चित्रकलेचा तास घ्यायचा असेल तर त्याच आठवड्यात आपला एक तास परत द्यायचा, आणि तसं वहीत लिहायचं. बंदी घालू नका, बंदी कुणी पाळत नाही. उधारी लिहायला लागली की हात आपोआप आखडतो.

पाण्याचं वेगळं लिहायला हवं, कारण हे पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना सुचत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, मधे काही दिवस जातात. टाकीच्या तळाशी हातभर उरलं की शिपाई चित्रकलेच्या पोरांना हाकलतो, आणि त्याचंही चुकत नाही, संडासाला पुरवायचं असतं. सरांबरोबर बसून पाणी यायच्या दिवसांचा अंदाज घ्या आणि जलरंग, पोस्टर कलर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या म्हणावं. बाकीचे दिवस कोरडे : तेलखडू, रंगीत पेन्सिली, कोळसा, नुसतं बॉलपेनसुद्धा. कोरडं म्हणजे हलकं असं कुणी समजू नये. आपल्याच मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी जे काढतात ते मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवा, पोरं पेन्सिलीकडे वेगळ्या नजरेने बघतील. वर्गात दोन बादल्या कायमच्या ठेवा, एक स्वच्छ पाण्याची, एक घाण पाण्याची. म्हणजे जिन्यातली ये-जा संपली. घाण पाणी कुंड्यांना घालू नका, मोरीत जाऊ द्या.

आता डिझाइनकडे येते. इथे जरा रेंगाळणार आहे, चालवून घ्या.

वर म्हटलं ना की आमचे सर तासाला कधी नाही म्हणाले नाहीत. एकदाच म्हणाले. "आज नाही बाई. आज बसा तुम्ही." मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. सरांनी टेबलावर एक सोलापुरी चादर पसरली, मोराची. मुलं हसली, घरोघरी तीच. मग त्यांनी ती उलटी केली. जिथे लाल होतं तिथे पांढरं आणि पांढरं होतं तिथे लाल. "हे कसं झालं?" असं विचारून ते गप्प राहिले. चांगले दोन मिनिटं गप्प. मग प्रत्येकाला आलेखाचा एकेक कागद दिला, माझ्याच विषयाचा, आणि म्हणाले, मोराची नुसती मान काढा, पण घरं भरून. अर्धं घर भरायचं नाही. भरलं तर पूर्ण, नाहीतर रिकामं.

गोल मान काढायला गेलेल्या सगळ्यांच्या जिने-पायऱ्या झाल्या. कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक मुलगा उठला. माझ्या तासाला त्याने तोंड उघडलेलं मला आठवत नाही. तो शेजारच्याच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, एवढी घरं सलग भरली तर धागा लोंबतो. बोट अडकतं त्यात. आमचे नाना मधे मधे ठिपके मारतात." घरी तेलुगू, वडील जकार्डच्या मागावर. सरांनी खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसले. पुढची वीस मिनिटं तो मुलगा शिकवत होता. उभा धागा कुठला, आडवा कुठला, भोकं पाडलेलं एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ, भोक असेल तर उभा धागा वर उचलतो, नसेल तर खालीच राहतो. मी वह्या बाजूला ठेवल्या होत्या. आहे किंवा नाही, दोनच चिन्हांत अख्खा मोर. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती, पुढे संगणकाच्या पहिल्या पिढ्यांनी तशीच भोकांची कार्डं वापरली. हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या वर्गातल्या मुलाला ते घरून माहीत होतं, आणि मी त्याला पाच वर्षं 'ढ'मध्ये धरत होते.

तो तास मी मागून घेतला असता तर तिथे एक प्रमेय झालं असतं.

आपल्या गावात बसून डिझाइनवर भाषणं द्यायची गरज नाही. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेल देशभर जातो, शाळांचे युनिफॉर्म इथे शिवून बाहेर जातात. प्रत्येक किनार, प्रत्येक खिसा, प्रत्येक मोर कुणीतरी आधी कागदावर काढलेला असतो. तुमच्या पूर्व भागात तर वर्गातली निम्मी पोरं त्या कागदाच्या दोन घरं पलीकडे राहत असतील. विडी वळणाऱ्या आयांच्या पोरी बघा. आई पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवते, जाड शीर चुकवते, कमीत कमी पान वाया जाईल असा फिरवून कात्री चालवते. जागेची मांडणी म्हणतात ती हीच. आणि चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्राला आपण या मुलींना गाइडातली पानं-फुलं वर्तुळात बसवायला शिकवतो!

तेव्हा सरांना विचारा, जवळच्या एखाद्या कारखान्यात मुलं न्यायची का. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचे. कागदोपत्री आधार हवा तर तो हा. पण सरांनी ठरवू दे कुठे जायचं आणि काय बघायचं. तुम्ही परवानगी, पालकांची संमती आणि दोन जादा शिक्षक एवढं बघा. सहल म्हणून जाऊ नका. एका वेळी एक तुकडी, प्रत्येकाच्या हातात कागद, बघायची गोष्ट एकच. मागाचा आवाज एवढा असतो की आत काही सांगता येत नाही, म्हणून प्रश्न आधी वर्गात लिहून न्यायचे. परत येताना कारखानदाराकडून सुताचे तुकडे, रिकामे कोन, नमुन्याच्या चिंध्या मागून घ्या, कटिंगवाल्याकडून कात्रणं. आपल्याकडची माणसं 'घेऊन जा की' म्हणतात, फक्त कुणी मागायला जात नाही. तुमचा वर्षभराचा कोलाजचा माल झाला.

ग्रेड परीक्षांबद्दल थोडंच. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. पालकांना चित्रकला आठवते ती इथेच, आणि संस्थेलाही. परीक्षा वाईट नाहीत. वस्तुचित्राने नजर बसते, स्मरणचित्राने माणसं बघायची सवय लागते. पण रविवारचे फुकट वर्ग घेऊन 'अ' किती आणले यावर सरांचं वर्ष मोजू नका. रविवारी बोलावलंत तर बदली सुट्टी द्या. निकालपत्रकाच्या दिवसांत आणखी एक बघा. कलेला लेखी परीक्षा नाही, सगळं आकारिक, वर्षभराच्या कामावरून, म्हणजे १४ तुकड्यांतल्या सातशे मुलांच्या नोंदी एकट्या माणसाने लिहायच्या. सरांनी सांगावं, वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गाचं लिहून घ्यावं. दोन दिवसांत होतं.

आता ते गप्प का, याकडे. तुमच्या शाळेत मराठीचे चार शिक्षक असतील. दुपारच्या डब्याला एकमेकांशी भांडतात, व्याकरणावरून, पेपर तपासण्यावरून. गणित-विज्ञानवाल्यांचंही तसंच. चित्रकलेचा माणूस इमारतीत एकटा असतो. आज वर्गात काय जमलं, काय फसलं हे त्याने कुणाला सांगायचं? सांगितलं तर आपण "वा, छान" म्हणतो. वीस वर्षं नुसतं 'वा छान' ऐकलं की कुणीही गप्प होईल. मला वाटतं, सरांना कौतुकापेक्षा कुणीतरी "हे नाही जमलं" म्हणणारं हवं असेल, पण म्हणणारा त्याच धंद्यातला हवा.

हे तुम्ही करू शकता. आसपासच्या चार-पाच शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करा. महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांच्या कलाशिक्षकांना ऑन ड्यूटी सोडायचं, अर्धा दिवस. भाषण नाही, हॉल नाही, प्रमुख पाहुणे तर नाहीतच. सकाळी सातला सिद्धेश्वर तळ्याच्या काठी किंवा भुईकोट किल्ल्यापाशी बसून स्वतःचं चित्र काढायचं, ऊन तापलं की आडोशाला जाऊन मुलांची पाच-पाच कामं एकमेकांपुढे ठेवायची, चहा घ्यायचा, घरी जायचं. अहवाल मागू नका. तुम्हाला मोह होईल, मला माहीत आहे. फोटो काढून ग्रुपवर टाकायचाही होईल. दोन्ही नको. शिकवणारा स्वतः काढत नसेल तर त्याचा हात आणि डोळा दोन्ही गंजतात, आणि मग वर्गात वर्षानुवर्षं तेच 'पतंग उडवणारी मुलं' येत राहतं.

कारण, बाई, सगळा दोष शाळेचा आणि सर बिचारे, असंही मी लिहिणार नाही. पन्नास मुलांची पन्नास चित्रं सारखी आली, तोच डोंगर, तोच डोंगरामागून अर्धा सूर्य, तीच नदी, तर ते आळशी शिकवणं आहे आणि तास जोडून दिल्यावरही तेच चाललं तर तुम्ही ते विचारायलाच हवं. तुमच्या सरांचा तसा दोष आहे की नाही हे मला इथून कसं कळणार? तुम्हाला कळेल, पण तासाला गेलात तर. निरीक्षणाचा छापील फॉर्म घेऊन जाऊ नका. एक कागद-पेन्सिल घेऊन मुलांमध्ये बसा आणि सर देतील ते काढा. वाईट येईल, येऊ द्या. चित्रातलं कळत नाही म्हणता, पण मुलं बोलताहेत की गप्प, खोडरबर किती चालतंय, सर फळ्यापाशी किती वेळ आहेत आणि बाकांमध्ये किती, एवढं तर विज्ञानाच्या बाईंना मोजता येईल. आणि तास संपल्यावर 'वा छान' म्हणू नका. एखादं चित्र हातात घेऊन "याने हे असं का केलं?" एवढंच विचारा.

आता पैसे. वेतनेतर अनुदान किती येतं आणि कधी येतं हे तुम्हाला खुर्चीत बसल्यापासून कळलंच असेल. तरी एका मुलामागे वर्षाला काहीतरी ठरलेली रक्कम, पन्नास का असेना, चित्रकलेच्या नावाने बाजूला काढा आणि काय घ्यायचं ते सरांनाच ठरवू दे. तुम्ही भारीतले ब्रश आणाल आणि त्यांना हवा असेल जाड कागद. पातळ ड्रॉइंग वहीवर जलरंग फुगतो, पोपडे येतात, आणि पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. एक कपाट द्या, कुलूप असलेलं, किल्ली त्यांच्याकडे. खोली मिळाली तर उत्तमच. नसेल तर ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची एक भिंत, दोरी आणि कपड्यांचे चिमटे, ओली चित्रं वाळवायला. व्हरांड्यात लावताना पहिल्या तिघांची लावू नका, एका वर्गाची सगळी लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

दुसरा शिक्षक मिळेल का? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय, तेव्हा संस्थेमार्फत मागणी लावून ठेवा. पण संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून सरकार पदं मंजूर करतं त्याच्या, भरवशावर राहू नका. जवळच्या एटीडी कॉलेजची मुलं सरावपाठांना शाळा शोधत असतात, त्यांना तुमची द्या. सरांना हाताखाली दोन जण मिळतील आणि धंद्यातलं बोलायला माणसंही.

हे सगळं एकदम काढू नका. आधी वही मोजा. मग सरांना केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्या वर्गात जा, आणि तो आकडा त्यांना सांगा : 'सर, गेल्या वर्षी आठवी ब चे इतके तास होते, त्यातले इतके आपण घेतले.' 'आपण' म्हणा, कारण १७ वर्षांत त्यातले काही विज्ञानानेही घेतले असतील. पुढे ते बोलले तर बोलतील. नाही बोलले तर सोमवारपासून जोड तास लावा.

राहिले अध्यक्ष. त्यांना सांगा, फळा बंद होणार नाही, पण वर्षाला आठच होतील, कुठले आठ ते सर आणि मुलं मिळून ठरवतील, आणि काढतील मुलं. सर बाजूला उभे राहतील. पहिल्या वेळी टिळकांची पगडी वाकडी येईल, अण्णा भाऊ ओळखू येणार नाहीत. कुणी हसलं तर अध्यक्षांनाच खडू द्या.

आणि आषाढीचा तो फळा पुसला नसेल तर एक फोटो काढून मला पाठवा. अक्षर बघायचंय.